विश्लेषण : शरीरात विरघळणारा धातू, दावा आणि हिशेब

नंदिनी नगर (जि. दुर्ग, छत्तीसगड) : भिलाईच्या उत्तरेस वीसएक किलोमीटरवरील नंदिनीच्या खाणीतून निघालेली चुनखडी गेली सहा दशके भिलाईच्या झोतभट्ट्यांत पडते आहे. दल्ली-राजहऱ्याच्या खनिजातील वाळू-सिलिका ती आपल्यात ओढून घेते, धातुमळी होऊन वर तरंगते आणि खाली उरते ते शुद्ध होत जाणारे लोखंड. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून उभ्या राहिलेल्या आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी पेटलेल्या या कारखान्याचे सर्वात प्रसिद्ध उत्पादन म्हणजे रेल्वेचे रूळ. उन्हापावसात, हजारो टनांच्या भाराखाली वर्षानुवर्षे झिजायचे नाही, ही त्या रुळाची ख्याती.

धातुशास्त्राची एक नवी शाखा मात्र याच्या नेमके उलट मागणे घेऊन उभी आहे. तिला असा धातू हवा आहे, जो काही महिने पोलादासारखा भार पेलेल आणि मग मुकाट्याने गंजून, विरघळून शरीरातून नाहीसा होईल. मोडलेल्या हाडात बसवायचे स्क्रू व पट्ट्या, हृदयाच्या रक्तवाहिनीतील स्टेंट, लहान मुलांच्या वाढत्या हाडातील पिना यांसाठी अशा जैवविघटनशील मिश्रधातूंवर जगभर काम चालू आहे. भारतही त्यात आहे आणि भारतातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रयत्न लोखंड व मँगनीज या दोन धातूंचाच आहे. एका धातूचे साम्राज्य भिलाईत, तर दुसऱ्याचे येथून रेल्वेने २६५ किलोमीटरवरील नागपुरात. मँगनीज खाणकामातील सार्वजनिक कंपनी ‘मॉईल’चे मुख्यालय तेथे असून तिच्या खाणी नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यांत पसरल्या आहेत. मात्र वैद्यकीय दर्जाचा धातू खाणीच्या तोंडाशी तयार होत नाही. तेव्हा या भौगोलिक योगायोगातून विदर्भ-छत्तीसगडमध्ये लवकरच वैद्यकीय कारखाने उभे राहतील, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. प्रश्न त्याआधीचा आहे : हा धातू शरीरात ठेवण्याजोगा आहे, हे ठरवायचे कसे?

जुने स्वप्न, जुनीच अडचण

ही कल्पना आजची नाही. अमेरिकी डॉक्टर एडवर्ड ह्यूज यांनी १८७८ साली रक्तवाहिन्या बांधण्यासाठी मॅग्नेशियमची तार वापरली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेल्जियमचे शल्यचिकित्सक आल्बिन लाम्बोत यांनी पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले आणि रुग्णाच्या त्वचेखाली वायूचे फुगे जमले. दोन भिन्न धातू खारट द्रवात एकमेकांना टेकले की त्यांची विद्युत्-रासायनिक बॅटरी तयार होते आणि दुर्बळ धातू झपाट्याने गंजतो. शरीरातील द्रवही खारटच. लाम्बोत यांचे शिष्य जाँ व्हरब्रुग यांनी ही चूक टाळून पुढे प्रयोग केले. पण तोवर गंजरोधक पोलाद आले आणि शल्यचिकित्सकांनी मॅग्नेशियमचा नाद सोडला.

तो नाद पुन्हा लागण्यास कारणे आहेत. आपल्याकडे ‘पायात सळी टाकली’ असे सहज म्हटले जाते. पण ती सळी किंवा पट्टी हाड जुळल्यावर निरुपयोगी होते, इतकेच नव्हे तर काही वेळा अपायकारकही ठरते. पोलादाचा ताठरपणा सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११० च्या आसपास, तर बाहेरच्या घट्ट हाडाचा १० ते ३०. सगळा भार पट्टीच उचलू लागली की शेजारचे हाड आळसावते आणि विरळ होते. मॅग्नेशियमचा ताठरपणा ४५ गिगापास्कलच्या घरात, म्हणजे हाडाच्या बराच जवळ. मुलांच्या बाबतीत तर धातू आत ठेवून चालतच नाही. हाड वाढते, धातू वाढत नाही. त्यामुळे तो काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया, दुसरी भूल, पुन्हा रुग्णालयाची फेरी. बेमेतऱ्याहून किंवा गडचिरोलीहून शहरात येणाऱ्या मजुराच्या कुटुंबाला या दुसऱ्या फेरीची किंमत केवळ रुग्णालयाच्या बिलात मोजता येत नाही. पुष्कळ कुटुंबे परत येतच नाहीत आणि धातू आतच राहतो.

मॅग्नेशियमने या पुनरागमनात बऱ्यापैकी मजल मारली आहे. जर्मनीतील हॅनोव्हरच्या ‘सिंटेलिक्स’ कंपनीच्या ‘मॅग्नेझिक्स’ स्क्रूला २०१३ साली युरोपीय मान्यता मिळाली. दक्षिण कोरियाने २०१५ मध्ये मॅग्नेशियम-कॅल्शियम-जस्त मिश्रधातूच्या स्क्रूला परवानगी दिली. ‘बायोट्रॉनिक’चा मॅग्नेशियमचा स्टेंट २०१६ मध्ये युरोपात बाजारात आला आणि त्याची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली फिनलंडच्या ‘बायोरेटेक’ कंपनीच्या स्क्रूला मान्यता दिली. त्याच्या मिश्रधातूत मॅग्नेशियमखेरीज जस्त आणि कॅल्शियम प्रत्येकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास असून दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये अजिबात नाहीत. त्याच मिश्रधातूची पहिली मानवी चाचणी ऑस्ट्रियातील ग्राझ येथे घोट्याचे हाड मोडलेल्या अवघ्या २० रुग्णांवर झाली होती. आकडा लहान वाटतो, पण या क्षेत्रात पाऊल असेच टाकावे लागते.

हैदराबादचा मिश्रधातू

भारतातील काम वेगळ्या वाटेने गेले. हैदराबादच्या चूर्ण धातुशास्त्र व नवसामग्री संशोधन केंद्राने, म्हणजे ‘एआरसीआय’ने, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेच्या सहकार्याने लोखंड-मँगनीज मिश्रधातू तयार केल्याचे केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये जाहीर केले. मँगनीजचे प्रमाण वजनाने २९ टक्क्यांहून अधिक. एवढे मँगनीज घातले की लोखंड चुंबकत्व गमावते आणि रुग्णाची एमआरआय तपासणी निर्धास्त करता येते. हा या मिश्रधातूचा मोठा गुण. बळकटीत तो प्रचलित पोलाद-टायटॅनियमच्या तोडीचा असल्याचे सांगण्यात आले. कृत्रिम शरीरद्रवात तो वर्षाला ०.०२६ ते ०.१४ मिलिमीटर या गतीने झिजतो. त्यावरून तीन ते सहा महिने बळकटी टिकेल आणि १२ ते २४ महिन्यांत तो शरीरात पूर्ण शोषला जाईल, असा अंदाज मांडला गेला. स्टेंट आणि अस्थिरोपण या दोन्हींसाठी तो आश्वासक असल्याचेही नमूद होते.

वृत्तपत्रांनी हे जसेच्या तसे छापले. पण दिलेल्या आकड्यांचा साधा गुणाकार-भागाकार केला तर एक गोष्ट लक्षात येते, जी त्या बातम्यांतून निसटली.

स्टेंटची जाळी ज्या तारांची असते, त्यांची जाडी साधारणतः मिलिमीटरचा दहावा भाग. ती दोन्ही बाजूंनी झिजणार. वर्षाला ०.१४ मिलिमीटर या सर्वाधिक दराने ती चार-साडेचार महिन्यांत संपेल आणि ०.०२६ या किमान दराने दोन वर्षांत. म्हणजे १२ ते २४ महिन्यांचा अंदाज स्टेंटला बरोबर लागू पडतो. आता तोच दर हाडाच्या स्क्रूला लावू. साडेतीन मिलिमीटर व्यासाचा, आटे वजा केल्यास आत जेमतेम अडीच मिलिमीटरचा गाभा असलेला स्क्रू सर्वाधिक दरानेही विरघळायला आठ ते बारा वर्षे घेईल. किमान दराने तो रुग्णाला जन्मभराची सोबत करील. सहा वर्षांच्या मुलाच्या कोपरात बसवलेला स्क्रू त्याच्या दहावीच्या परीक्षेपर्यंत राहणार असेल, तर त्याला ‘विरघळणारा’ म्हणण्यात शब्दापलीकडे फारसे काही उरत नाही.

लोखंडाची ही मंदगती जुनीच आहे. शुद्ध लोखंडाचे स्टेंट सशांच्या महाधमनीत बसवून १८ महिन्यांपर्यंत निरीक्षण केल्याचा जर्मन संशोधकांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. विषबाधेची चिन्हे नव्हती, ही जमेची बाजू. पण स्टेंटही बराचसा जागेवरच होता. शिवाय लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो आणि तो सहजासहजी वाहून जात नाही. मँगनीज मिसळण्याचे एक कारण गंजण्याचा वेग वाढवणे हेच आहे. सच्छिद्र रचना करूनही वेग वाढवता येतो. तसे केले की बळकटी घटते. प्रत्येक उपायाच्या पाठीला एक अपाय बांधलेला आहे.

मिलिग्रॅमचा प्रश्न

वेग वाढवला तर काय होईल? वर सांगितलेल्या, सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या एका स्क्रूचे वजन एक ते दोन ग्रॅम भरते. संपूर्ण प्रौढ शरीरात लोह असते तीन-चार ग्रॅम आणि जादा लोह नियंत्रितपणे बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. स्टेंटच्या बाबतीत ही चिंता किरकोळ आहे, कारण त्याचे वजन काही दशक मिलिग्रॅमच असते आणि रक्ताच्या एका पिशवीतूनच २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. स्क्रूचे तसे नाही. पट्टी आणि सहा स्क्रू बसवले तर शरीराच्या एकूण लोहसाठ्याहून अधिक लोह आपण बाहेरून आणून ठेवलेले असेल.

मँगनीजचा हिशेब याहून नाजूक आहे. एक-दोन ग्रॅमच्या स्क्रूत २९ टक्के म्हणजे सुमारे ३०० ते ६०० मिलिग्रॅम मँगनीज. प्रौढ माणसाच्या सर्व शरीरात मिळून ते असते १० ते २० मिलिग्रॅम. अन्नातून रोज काही मिलिग्रॅम मँगनीज पोटात जाते हे खरे. पण आतडे पहारेकऱ्यासारखे काम करते आणि त्यातले सामान्यतः पाच टक्क्यांहून कमी, म्हणजे मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास, रक्तात जाऊ देते. स्क्रूतून सुटणाऱ्या धातूला हा पहारा नाही. स्क्रू दहा-बारा वर्षांत विरघळला तर रोज सुटणारे मँगनीज साधारण या नैसर्गिक शोषणाइतकेच असेल. शरीराला ते बहुधा पेलवेल. मात्र तोच स्क्रू दोन वर्षांत संपवायचा ठरवला तर रोजची मात्रा ०.४ ते ०.८ मिलिग्रॅमवर जाते, नैसर्गिक शोषणाच्या कित्येक पट. मँगनीज पित्तावाटे बाहेर पडते, म्हणून यकृताचा विकार असलेल्यांना धोका अधिक. त्याचा मेंदूवरील दुष्परिणाम वैद्यकाला १८३७ पासून ठाऊक आहे. मँगनीजची भुकटी हाताळणाऱ्या कामगारांत कंपवातासारखी लक्षणे त्या वर्षी प्रथम नोंदली गेली. शिरेवाटे दीर्घकाळ पोषण दिल्या जाणाऱ्या रुग्णांतही मेंदूत मँगनीज साचल्याचे आढळले आहे.

हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात सुटलेल्या धातूचा काही भाग स्क्रूभोवतीच फॉस्फेट व ऑक्साइडच्या रूपात अडकून पडेल आणि लगेच रक्तात मिसळणार नाही. तरीही एवढे स्पष्ट होते की लोखंड-मँगनीज मिश्रधातूची खरी जागा तूर्त स्टेंटसारख्या इवल्या वस्तूंत आहे. हाडाच्या जाड स्क्रूंसाठी त्याला सुरक्षित वेग आणि उपयुक्त वेग यांच्यामधली अरुंद वाट शोधावी लागेल.

मॅग्नेशियमचे गणित याच कसोटीवर किती सुटसुटीत आहे ते पाहण्यासारखे आहे. त्याच मापाच्या स्क्रूचे वजन पाव ते अर्धा ग्रॅम. वर्षभरात विरघळल्यास रोज एक-दीड मिलिग्रॅम मॅग्नेशियम सुटेल. आपल्या आहारातच रोज तीनशेहून अधिक मिलिग्रॅम लागते आणि शरीरात सुमारे २५ ग्रॅमचा साठा असतो. अडचण हायड्रोजनची. एक ग्रॅम मॅग्नेशियम पाण्याशी अभिक्रिया होऊन साधारण एक लीटर हायड्रोजन सोडते. अर्ध्या ग्रॅमचा स्क्रू वर्षभरात संपला तर रोज मिलिलीटरभर; तो ऊतींत विरून जातो. पण तेच पंधरवड्यात घडले तर लाम्बोत यांच्या रुग्णासारखे फुगे येतात. म्हणून मॅग्नेशियमच्या बाबतीत सगळे कौशल्य वेग आवरण्यात आहे, तर लोखंडाच्या बाबतीत वेग वाढवण्यात. आणि मॅग्नेशियमचा वेग सर्वाधिक बिघडवतो कोण? दशलक्षात काही दहा-शंभर भाग इतकेच मिसळलेले लोखंड, तांबे किंवा निकेल. पोलादाच्या गावाने हा धातू हाताळताना आपले मुख्य उत्पादन त्याच्यापासून दूर ठेवलेले बरे!

काचेच्या भांड्यातील शरीर

वरील सर्व दर प्रयोगशाळेत मोजलेले असतात आणि खरी गुंतागुंत तेथूनच सुरू होते. शरीरद्रवासारखे क्षार असलेले, ३७ अंश तापमानाचे आणि ७.४ सामू राखलेले पाणी भांड्यात घ्यायचे, त्यात धातूचा तुकडा ठेवायचा आणि वजनातील घट किंवा निघालेला वायू मोजायचा, ही प्रचलित पद्धत. पण भांड्यात प्रथिने नसतात, पेशी नसतात, रक्ताचा प्रवाह नसतो आणि स्नायूंचा ताणही नसतो. फ्रँक विट आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दोन मॅग्नेशियम मिश्रधातूंची तुलना गिनीपिगच्या हाडात आणि प्रयोगशाळेच्या भांड्यात केली. हाडातील झीज भांड्यातल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी निघाली, इतकेच नव्हे तर दोन मिश्रधातूंपैकी अधिक झिजणारा कोणता, याचा क्रमही उलटला. त्यानंतर रक्तातील प्रथिने घातलेले पोषकद्रव आणि कार्बन डाय-ऑक्साइडचे नियंत्रित वातावरण वापरून ही दरी पुष्कळ बुजवण्यात आली आहे. तरीही केवळ क्षारद्रवातील आकड्यावरून ‘इतक्या महिन्यांत शोषला जाईल’ असे विधान वाचले की सावध व्हावे.

उलट दिशेनेही चूक होते. वैद्यकीय साधनांच्या जैविक तपासणीची आंतरराष्ट्रीय मानकमाला, ‘आयएसओ १०९९३’, मुख्यतः न विरघळणारी सामग्री डोळ्यांसमोर ठेवून घडली. तिच्यानुसार धातू द्रवात भिजवून तो अर्क पेशींवर टाकतात. मॅग्नेशियमचा असा अर्क इतका तीव्र होतो की पेशी मरतात आणि शरीरात निर्धोक ठरणारा धातू कागदावर विषारी ठरतो. म्हणूनच अर्क सहा ते दहा पट पातळ करून तपासावा, अशी शिफारस संशोधकांनी २०१५ मध्ये केली. शोषल्या जाणाऱ्या धातूंसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे त्यानंतरच्या काळात आली. याचा अर्थ असा की जो नियम धातूला जोखतो, तो नियमही अजून तयार होत आहे. अशा वेळी ‘चाचणी उत्तीर्ण’ या शब्दांमागे कोणती चाचणी, कोणत्या द्रवात आणि किती काळ, हे विचारण्याची जबाबदारी नियामकावर आणि आपणा पत्रकारांवरही येते.

श्री चित्रा संस्थेला या कष्टांची ओळख आहे. देशी बनावटीची तेथील हृदयझडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली, ती चौथ्या प्रयत्नातून साकारलेली होती. त्याआधीची प्रारूपे सामग्रीच्या झिजेने आणि तुटण्याने प्राण्यांवरील व यांत्रिक चाचण्यांतच बाद झाली. एका प्रारूपात नीलमणी स्फटिकाची चकती होती, ती तडकली. त्या अपयशांची किंमत संस्थेने मोजली म्हणून रुग्णांना मोजावी लागली नाही आणि पुढे ती झडप एक लाखांहून अधिक रुग्णांपर्यंत पोहोचली.

कोबाल्टचा अनुभव

चाचणीत तडजोड झाल्यास काय घडते, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. ‘डिप्यू’ कंपनीचा कोबाल्ट-क्रोमियम धातूचा ‘एएसआर’ खुब्याचा सांधा कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला. धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण व आयन ऊतींत आणि रक्तात उतरत होते. भारतात या सांध्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. प्रकरण लावून धरण्यात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा पुढाकार होता. केंद्राची तज्ज्ञ समिती नेमली गेली ती २०१७ मध्ये आणि ३० लाख ते सुमारे १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरायला २०१८ उजाडले. तोवर बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता.

तेथे धातू विरघळणे हा दोष होता. येथे तोच गुण म्हणून विकला जाणार आहे. म्हणून नोंदीचे महत्त्व दुप्पट होते. पोलादी पट्टी दहा वर्षांनंतर क्ष-किरणात दिसते, काढून तपासता येते. विरघळलेल्या स्क्रूचा पुरावा उरत नाही. पाच वर्षांनंतर रुग्णाला कंप सुटला किंवा हाड ठिसूळ झाले, तर त्याचा संबंध कुठल्या घाणीच्या धातूशी लावायचा, हे केवळ कागदावरूनच ठरेल. साधनांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ पासून आहे. पण तो मुख्यतः रुग्णालयांकडून येणाऱ्या तक्रारींवर चालतो. रोपण झालेल्या प्रत्येक रुग्णाचा ठरावीक काळ आपणहून पाठपुरावा करणारी नोंदवही ही वेगळी गोष्ट आहे आणि शोषल्या जाणाऱ्या धातूंसाठी तीच हवी.

कायद्याची चौकट बऱ्यापैकी कडक आहे. वैद्यकीय साधन नियम २०१७ नुसार साधनांचे ‘ए’ ते ‘डी’ असे जोखमीनुसार वर्ग पडतात. शरीरात पूर्णतः किंवा बहुतांशी शोषली जाणारी रोपणे सर्वाधिक जोखमीच्या ‘डी’ वर्गात जातात व त्यांचा परवाना केंद्रीय प्राधिकरणच देते. त्यासाठी प्राण्यांवरील दीर्घ अभ्यास, मग मानवी चाचण्या. हा खर्च प्रयोगशाळेला झेपत नाही आणि लहान उद्योजकालाही. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या ५०० कोटी रुपयांच्या वैद्यकीय साधन उद्योग योजनेत अशा अभ्यासांसाठी १०० कोटींचा स्वतंत्र भाग ठेवला आहे. साऱ्या देशातील साऱ्या साधनांसाठी ही रक्कम फार नाही; पण प्राण्यांवरील अभ्यासाला सरकारी पैसा मिळू शकतो, हा बदल महत्त्वाचा आहे, कारण आजवर बहुतेक मिश्रधातू शोधनिबंधापर्यंत येऊन तिथेच थांबले.

किमतीच्या धोरणातही एक गाठ आहे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आणली, तेव्हा औषधलेपित धातूचे स्टेंट आणि विरघळणारे स्टेंट यांना एकाच गटात टाकून २९,६०० रुपयांची एकच कमाल किंमत ठरवली. उत्पादकांनी नवसंशोधनाला शिक्षा झाल्याची ओरड केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘अ‍ॅबट’ कंपनीने आपला बहुलकाचा विरघळणारा स्टेंट जगभरातील विक्रीतून काढून घेतला. त्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण नेहमीच्या धातूच्या स्टेंटपेक्षा अधिक आढळले होते. प्राधिकरणाची भूमिका त्या प्रसंगी रुग्णहिताचीच ठरली : ‘विरघळणारा’ या विशेषणासाठी जादा पैसे मोजण्याआधी तो अधिक चांगला असल्याचे सिद्ध व्हावे. हाच दंडक धातूच्या स्क्रूंनाही लावायला हरकत नाही. मात्र सिद्ध झाल्यावर टळलेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेची किंमत हिशेबात धरली पाहिजे. ती सध्याच्या किंमतसूत्रात दिसत नाही.

या पट्ट्यातील रुग्ण

छत्तीसगड आणि विदर्भासाठी या चर्चेला एक स्थानिक बाजू आहे, जी हॅनोव्हर किंवा ग्राझच्या चाचण्यांत उमटण्याची शक्यता नाही. हा सिकलसेलचा पट्टा आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचे हेच मुख्य क्षेत्र. या आजारात खुब्याच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटून हाड मरते. तरुण वयातच लंगडणे येते. अशा मृत हाडात जिवंत हाडाची कलमे बसवून ती मॅग्नेशियमच्या स्क्रूने पक्की करण्याचा प्रयोग चीनमधील दालियनच्या शल्यचिकित्सकांनी केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४८ रुग्णांच्या दोन गटांची तुलना होती आणि स्क्रू वापरलेल्या गटाचे निष्कर्ष सरस होते. तो अभ्यास सिकलसेलच्या रुग्णांचा नव्हता. पण येथील अस्थिशल्यचिकित्सकांच्या दृष्टीने विचारण्याजोगा प्रश्न त्यातूनच निघतो.

लोखंडी मिश्रधातूबाबत मात्र याच रुग्णांसाठी उलट इशारा द्यावा लागतो. वारंवार रक्त चढवलेल्या सिकलसेल व थॅलेसेमियाच्या रुग्णांत लोह आधीच साचलेले असते. ते काढण्यासाठी औषधे घ्यावी लागतात. त्यांच्या हाडात आणखी काही ग्रॅम लोह ठेवणे शहाणपणाचे नाही. यकृताला इजा झालेली असल्यास मँगनीजचा निचराही मंदावतो. आंतरराष्ट्रीय चाचण्यांत असे रुग्ण बहुधा वगळलेच जातात, त्यामुळे त्यांच्याविषयीची माहिती आयात करता येणार नाही. ती येथेच गोळा करावी लागेल.

त्यासाठीची साधने विखुरलेल्या रूपात या परिसरात आहेत. रायपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेची पायाभरणी १९५६ साली खाण व धातुशास्त्र महाविद्यालय म्हणून झाली. तेथे आज धातुशास्त्राबरोबर जैववैद्यकीय अभियांत्रिकीचाही विभाग आहे. रायपुरात एम्स आहे. भिलाईच्या सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयाने कारखान्यातील अपघातांमुळे अस्थिभंग आणि भाजलेल्या रुग्णांचा मोठा अनुभव साठवला आहे. कुटेलाभाठा येथील आयआयटी भिलाईचा कायमस्वरूपी परिसर फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झाला. वैद्यकीय साधनांसाठी अभियंते आणि डॉक्टर एका टेबलावर आणण्याचा नमुना मुंबई आयआयटीच्या ‘बेटिक’ केंद्राने महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने २०१४ पासून घालून दिला आहे. नागपूरची व्हीएनआयटी आणि पुण्याचे सीओईपी त्या जाळ्यात आहेत. रायपूर-भिलाईसाठी हा नमुना दूरचा नाही.

कच्च्या मालाचा मुद्दा शेवटी घेतला, कारण तो सर्वात कमी महत्त्वाचा असूनही सर्वाधिक बोलला जातो. भिलाईला डोलोमाइट पुरवणारी हिर्री खाण बिलासपूर जिल्ह्यात आहे. डोलोमाइट भाजून, फेरोसिलिकॉनसह निर्वात भट्टीत तापवले की मॅग्नेशियमची वाफ मिळते. जगातील बहुतांश मॅग्नेशियम चीन याच पद्धतीने काढतो आणि भारत या धातूसाठी प्रामुख्याने आयातीवर अवलंबून आहे. विमान व वाहन उद्योगाच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे. स्क्रूंच्या दृष्टीने नाही : एका टन मॅग्नेशियमपासून पाव-अर्ध्या ग्रॅमचे वीस लाखांहून अधिक स्क्रू होतील. त्या टनभर धातूतील लोखंड-निकेलचे प्रमाण प्रत्येक घाणीगणिक दशलक्षांशात मोजून ते प्रमाणपत्र स्क्रूच्या पाकिटापर्यंत आणि पाकिटावरचा क्रमांक रुग्णाच्या कार्डापर्यंत पोहोचवणे, हे काम धातू मिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. परवाना देताना नियामकाने सर्वप्रथम तेच तपासावे लागेल.